आडनावाला ढाल नसते: पूर्वजांचं कुलचिन्ह शोधायचं कसं

इंटरनेटवर ‘परेरा’ किंवा ‘डिसोझा’ आणि त्यापुढे ‘कोट ऑफ आर्म्स’, म्हणजे कुलचिन्ह, असं टाकलं की क्षणात एक रंगीत ढाल समोर येते. ढालीवर सिंह नाहीतर क्रूस, वर शिरस्त्राण, खाली फितीवर लॅटिन ब्रीदवाक्य. हीच ढाल फ्रेम करून, कपावर छापून, अंगठीवर कोरून विकायला असते. लोक ती हौसेनं घेतात आणि दिवाणखान्यात लावतात. आपली माणसं कोण होती, कुठून आली, हे जाणून घ्यायची ओढ त्यामागे असते आणि ती ओढ मोलाची आहे. म्हणूनच स्पष्ट सांगायला हवं: नुसत्या आडनावावरून सापडलेली ढाल तुमच्या पूर्वजांची असण्याची शक्यता फार कमी. खरं उत्तर शोधता येतं, पण त्याची वाट वेगळी आहे.

कुलचिन्हांची प्रथा पश्चिम युरोपात बाराव्या शतकात रुजली. चिलखत आणि शिरस्त्राण चढवलं की माणूस ओळखू येईना, तेव्हा ढालीवरचं चित्र ही ओळख झाली. ते चित्र बापाकडून पोराकडे कधी जाऊ लागलं, याचा एक सुंदर पुरावा आजही पाहता येतो. आंजूचा सरदार जेफ्री ११५१ साली वारला. त्याच्या थडग्यासाठी केलेला मीनाकामाचा पत्रा फ्रान्समधल्या ल मां शहरात जपलेला आहे. त्यात त्याच्या हाती सोनेरी सिंहांची निळी ढाल दिसते. त्याचा नातू विल्यम लाँगेस्पे १२२६ साली वारला. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथीड्रलमधल्या त्याच्या समाधीवर जी ढाल आहे, तिच्यावरही तेच सिंह. दोन पिढ्यांत चित्राचा वारसा झाला होता.

वारसा म्हटलं की वारस कोण हा प्रश्न आलाच, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह कुणा एका माणसाला दिलेलं असतं. त्याच्यानंतर त्याच्या औरस वंशजांकडे, मुख्यतः पुरुषाच्या ओळीतून, ते उतरतं. आडनाव एकच असलेल्या इतरांचा त्याच्याशी संबंध नसतो. गावात दहा पाटील असले तरी एका पाटलाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या पाटलाला हक्क सांगता येत नाही. नातं कागदावर दाखवावं लागतं. कुलचिन्हाचंही तसंच आहे.

शेक्सपियरचं उदाहरण घ्या. विल्यमचे वडील जॉन हे स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे बनवणारे. गावचं सर्वोच्च पदही त्यांनी भूषवलं होतं. २० ऑक्टोबर १५९६ या तारखेचा त्यांच्या कुलचिन्हाच्या सनदेचा मसुदा लंडनमध्ये आजही आहे. सोनेरी ढाल, तिच्यावर तिरपा काळा पट्टा, पट्ट्यावर भाला. वर भाला धरलेला ससाणा. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्यमचा एकुलता एक मुलगा हॅमनेट अकराव्या वर्षी गेला होता. विल्यमचे तिन्ही भाऊ त्याच्याआधी वारले आणि त्यांच्यामागे वारस राहिला नाही. १६१६ मध्ये विल्यम गेला तेव्हा त्या ढालीची पुरुष-ओळ संपली. १६७० मध्ये नात एलिझाबेथ गेली आणि त्याचा थेट वंशही संपला. म्हणजे आज जगात ‘शेक्सपियर’ आडनावाचे जे कोणी असतील, त्यांच्यापैकी कुणालाही ही ढाल विल्यमकडून वारशानं आलेली नाही. तरीही ती त्याच आडनावानं छापून विकली जाते.

तेव्हा सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. पूर्वज इंग्लंडचे असतील तर १८३७ पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद आहे, १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं मिळतात, आणि त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे. आपल्याकडच्या अँग्लो-इंडियन घरांसाठी ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर फार उपयोगी. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतल्या चर्चांमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला तिथे जात असत. ही साखळी जुळवताना ज्याच्या नावावर कुलचिन्हाची नोंद आहे असा माणूस लागला, तर आणि तरच पुढचा प्रश्न उभा राहतो.

ती नोंद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये असते. हे शिकवण्याचं कॉलेज नव्हे. रिचर्ड तिसऱ्यानं १४८४ मध्ये सनद दिलेली ही हेराल्ड मंडळींची संस्था. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या जवळ तिची इमारत आहे. हेराल्ड म्हणजे कुलचिन्हं तपासणारे, नोंदवणारे आणि राजाच्या अधिकारानं नवी देणारे अधिकारी. १५३० पासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते परगण्या-परगण्यांत फेऱ्या काढत. स्थानिक प्रतिष्ठितांना बोलावून घेत, वंशावळ आणि पुरावे मागत आणि हक्क पटला तर नोंद करत. पटला नाही तर त्या माणसाला ‘मला असा हक्क नाही’ असं लिहून द्यावं लागे आणि अशांची नावं जाहीरही होत. या फेऱ्यांच्या बऱ्याच वह्या हार्लियन सोसायटीनं छापल्या आहेत आणि जुने खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपला पूर्वज त्या काळी नक्की कोणत्या परगण्यात होता हे कळलं असेल, तर ही वही आधी उघडावी. मूळ नोंदी मात्र कॉलेजातच आहेत आणि तिथला शोध हेराल्ड शुल्क घेऊन करून देतात.

पुरावा म्हणजे काय, हे समजून घ्यायला एक जुना खटला वाचावा. १३८५ साली रिचर्ड दुसऱ्यानं स्कॉटलंडवर स्वारी केली तेव्हा त्याच्या फौजेत दोन माणसं एकच ढाल घेऊन हजर झाली: निळ्यावर तिरपा सोनेरी पट्टा. एक रिचर्ड स्क्रोप, दुसरा रॉबर्ट ग्रॉव्हनर. वाद वर्षानुवर्षं चालला आणि शेकडो साक्षी झाल्या. त्यांत कवी जेफ्री चॉसरही होता. त्यानं सांगितलं की फ्रान्सच्या मोहिमेत स्क्रोप हेच चिन्ह वापरताना मी पाहिलं आहे. एकदा मात्र लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना या चिन्हाची नवी पाटी टांगलेली दिसली. स्क्रोपचं चिन्ह लावणारी ही कुठली खानावळ, असं विचारलं तर उत्तर आलं की हे स्क्रोपचं नव्हे, ग्रॉव्हनरचं. हे नाव तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकलं, असं चॉसरनं शपथेवर सांगितलं. चर्चच्या काचा, थडगी, जुन्या मोहोरा, वडीलधाऱ्यांच्या आठवणी असं सगळं पुढे आलं. शेवटी निकाल स्क्रोपच्या बाजूनं लागला. आजही पुरावे याच जातीचे लागतात, फक्त आठवणींची जागा कागदांनी घेतली आहे.

काही गोष्टी मात्र पुराव्यासारख्या दिसतात आणि नसतात. बर्क यांचा ‘जनरल आर्मरी’ हा कोश १८४२ पासून निघाला आणि १८८४ ची आवृत्ती आजही सर्रास वापरली जाते. त्यात हजारो चिन्हं आहेत, पण हक्क असलेली आणि नुसती वापरात असलेली अशी दोन्ही. तिथे नाव सापडलं तर तो धागा समजावा, निकाल समजू नये. घरात कुलचिन्हाच्या कराची जुनी पावती निघाली तरी तेच. ब्रिटनमध्ये १७९८ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हा कर होता, पण तो चिन्ह वापरण्यावर होता. कर भरला म्हणून हक्क सिद्ध होत नसे.

स्कॉटलंडचा कारभार अधिक कडक. तिथे लॉर्ड लायनचं, म्हणजे कुलचिन्हांच्या मुख्य अधिकाऱ्याचं, खरंखुरं न्यायालय आहे, १६७२ च्या कायद्यानं सुरू झालेलं एकच नोंदणीपुस्तक आहे आणि दुसऱ्याचं चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे. मूळ ढाल एका वेळी एकाच माणसाची. धाकट्या शाखांनी फरक करून स्वतंत्र नोंद घ्यायची. जुन्या नोंदी ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश कुळाच्या, बिल्ल्याबद्दलही गैरसमज आहे. बक्कल लावलेल्या पट्ट्याच्या वेढ्यातलं चिन्ह हे क्लॅनच्या प्रमुखाचं असतं. इतरांनी ते निष्ठेची खूण म्हणून अंगावर लावायचं, आपलं कुलचिन्ह म्हणून मिरवायचं नाही.

कधी गाडं उलट्या बाजूनं येतं: नाव ठाऊक नसतं, पण वस्तू हाती असते. समजा, घरातल्या जुन्या पेटीत चांदीचा चमचा निघाला आणि त्याच्या दांड्यावर नखाएवढी ढाल कोरलेली आहे. चांदीवर रंग नसतो, तरी रंग वाचता येतात, कारण सतराव्या शतकात कोरीव कामासाठी रेघांची एक लिपी रूढ झाली. भिंग घेऊन उजेडात पाहा. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा. बारीक ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा म्हणजे हिरवा, उलट दिशेच्या तिरप्या म्हणजे जांभळा, आणि उभ्या-आडव्या रेघांची जाळी म्हणजे काळा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, आपल्याला ती डावीकडे दिसते. आता छोट्या खुणा शोधा. इंग्लंडमध्ये बारीक चंद्रकोर दुसऱ्या मुलाची, चांदणी तिसऱ्याची. ढालीऐवजी चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची असेल तर ते अविवाहित स्त्रीचं किंवा विधवेचं चिन्ह. एवढं कागदावर उतरवलं की पॅपवर्थ यांचा १८७४ चा कोश कामी येतो, कारण त्यात ढालीवरच्या चित्रावरून नावाकडे जाता येतं. पण चमच्यावर ढाल नसून नुसता पक्षी किंवा प्राण्याचं डोकं असेल तर सांभाळून. असं शिरोभूषण, म्हणजे शिरस्त्राणावरचं चिन्ह, अनेक घराण्यांचं सारखं असू शकतं आणि तेवढ्यावरून नाव ठरत नाही.

आता गोवा आणि वसई. मराठी वाचकासाठी हा विषय खऱ्या अर्थानं इथे घरात येतो.

पोर्तुगालमधल्या सिंत्रा इथल्या राजवाड्यात राजा मान्युएल पहिला यानं सोळाव्या शतकाच्या आरंभी एक दालन सजवलं. त्याच्या छतावर ७२ उमराव घराण्यांच्या ढाली आहेत. त्यांतली नावं वाचताना म्हापशाच्या नाहीतर वसईच्या बाजारातल्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं: सोझा, मेनेझिस, नोरोन्या, परेरा, सिल्व्हा, आल्मेदा. सिल्व्हांच्या चंदेरी ढालीवर सिंह, परेरांच्या लाल ढालीवर फुलोऱ्याच्या टोकांचा चंदेरी क्रूस, सोझांच्या चिन्हात एकमेकींना भिडलेल्या चार चंद्रकोरी. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ढालींचं मूळ इथे आहे.

पण ही आडनावं आपल्याकडे आली ती वेगळ्या रस्त्यानं. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कनं गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे गोव्यातल्या बारदेशात फ्रान्सिस्कन आणि गोव्यातल्याच सासष्टीत जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या माणसाला बहुधा त्याच्या धर्मपित्याचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं आडनाव मिळे. एकाच कुळाच्या शाखांना वेगवेगळी आडनावं लागली, आणि काही संबंध नसलेल्या दोन घरांना एकच. तेव्हा सासष्टीतला परेरा आणि सिंत्राच्या छतावरचा परेरा यांचं रक्ताचं नातं गृहीत धरता येत नाही. यात कमीपणा काही नाही. उलट, ज्या कुळाचा खरा इतिहास याच मातीत आहे, त्याच्या भिंतीवर परक्या सरदाराची ढाल लावून तो इतिहास झाकला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काही गोवेकर घराण्यांना मात्र पुढे पोर्तुगीज राजाकडून स्वतःच्या नावानं कुलचिन्हाची सनद मिळाली. अशी सनद सुंदर रंगवलेली असे आणि तिच्यात अर्जदाराची वंशावळ दिलेली असे. घरात ती, तिची नक्कल किंवा निदान तिची आठवण असेल तर शोध लिस्बनला न्यावा. तिथल्या तोर्रे दु तोम्बु या राष्ट्रीय दप्तरखान्यात राजाच्या सनदांच्या वह्या आहेत आणि त्यांपैकी बरंच काही आता इंटरनेटवर पाहता येतं. उमरावांच्या नोंदींचं खास दप्तर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात नष्ट झालं, त्यामुळे त्याआधीच्या सनदांचा माग इतर वह्यांमधून काढावा लागतो. आणखी एक सवय ध्यानात ठेवा: पोर्तुगीजांत आडनाव आईकडून किंवा आजीकडूनही येई आणि बाप-लेकाचं आडनाव वेगळं असणं सहज चाले. तेव्हा आडनाव बदललं म्हणून साखळी तुटली असं समजू नका.

चिन्ह राजाच्या मर्जीनं येई, तसं जाईही. १७५८ मध्ये राजा जोझे पहिला याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कटाचा आरोप ताव्होरा घराण्यावर आला आणि १७५९ च्या जानेवारीत त्यांना क्रूरपणे ठार मारण्यात आलं. त्यांचं आडनाव आणि चिन्ह वापरायला बंदी झाली आणि सिंत्राच्या छतावरची त्यांची ढालही पुसून टाकली गेली.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये गेलात तर सोन्याच्या वेदीइतकंच पायाखाली पाहा. फरशीत जुन्या समाधीशिला बसवलेल्या आहेत आणि कितीतरी शिळांवर कुलचिन्हं कोरलेली आहेत. अशा शिळेवर वर ढाल आणि शिरस्त्राण, खाली मोठ्या रोमन अक्षरांत लेख. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे समाधी, ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावला आहे, आणि ‘सेउश एर्देइरुश’ म्हणजे त्याचे वारस. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण ती जागा पुढच्या पिढ्यांसाठीही राखलेली असल्याचं तो सांगतो. ‘यू’ हे अक्षर ‘व्ही’सारखं कोरलेलं असतं आणि जागा वाचवायला अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. दगडावर रेघांची लिपी सहसा नसते, म्हणून रंग कळत नाहीत, आकारच पाहायचे. वाचण्यासाठी बॅटरी शिळेच्या अगदी बाजूनं, जमिनीलगत धरा. सावल्या पडल्या की झिजलेली रेषा उठून दिसते. खडू किंवा तेल मुळीच लावू नका, दगड कायमचा बिघडतो.

वसईच्या किल्ल्यातही अशा शिळा आहेत. दरवाजांवरची चिन्हं पाहताना मात्र एक खूण लक्षात ठेवा. मधे पाच छोट्या ढाली आणि भोवती किल्ले असतील तर ते पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह, आणि कड्यांचा पोकळ गोल ही राजा मान्युएलची निशाणी. ती सरकारी मोहोर आहे, कुणा घराण्याची ओळख नव्हे.

सनद नसेल, आणि बहुतेकांकडे नसतेच, तरी गोव्यातला शोध कोरडा जात नाही. पणजीच्या पुराभिलेख खात्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. इतिहासकार दिओगु दु कोउतु हा तिथला पहिला दप्तरदार. तिथे आणि जुन्या चर्चांमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. एका नोंदीत मुलाचं नाव, आईबाप, गाव आणि धर्मपिता-धर्ममाता सापडतात. कोमुनिदादच्या, म्हणजे गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेच्या कागदांत गावकरांची नावं वांगडांप्रमाणे, म्हणजे कुळांप्रमाणे, येतात. एखाद्या घराण्याचं धर्मांतरापूर्वीचं नाव कळायची आशा या कागदांत आहे. मला विचाराल तर असं एक नाव सापडणं हे दहा ढालींपेक्षा मोठं यश.

हिंदू मराठी घराण्यांकडूनही हल्ली विचारणा होते: आमचे पूर्वज सरदार होते, मग आमचं कुलचिन्ह कुठलं? मराठेशाहीत निशाण होतं, मोर्तब होतं, शिक्का होता. पण आपला शिक्का अक्षरांचा. शिवाजी महाराजांची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा एक संस्कृत श्लोक आहे. पेशवे आणि सरदारांच्या शिक्क्यांतही धन्याचं आणि स्वतःचं नाव येतं. तेव्हा युरोपी ढाल शोधण्यापेक्षा पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी कागद पाहावेत आणि आपल्या घराण्याचा शिक्का मिळतो का ते शोधावं. संस्थानिकांच्या नावावर दिसणारी ढाल-शिरस्त्राणाची चिन्हं बरीच अलीकडची. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटननं संस्थानिकांना रेशमी निशाणं दिली. त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्यानं रचली होती. एखाद्या संस्थानाच्या कागदावर अशी ढाल दिसली तर तिची तारीख आधी तपासावी.

रीतसर ब्रिटिश कुलचिन्ह मिळालेलं मुंबईकर घराणंही आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्या ढालीत मुंबईजवळचे घाट आहेत, घाटांवर उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाशा. या घराण्याची वंशावळ पाहताना एक गोष्ट गोंधळात टाकते: १८६० च्या कायद्यानं किताबाचा प्रत्येक वारस ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घेतो. त्यामुळे कागदावरचा जमशेटजी नक्की कितवा, हे तारखेवरूनच ठरतं.

शोधाअंती काहीच निघालं नाही आणि तरी चिन्ह हवंच असेल, तर तोही मार्ग बंद नाही. कॉलेज ऑफ आर्म्स आजही नवी कुलचिन्हं देतं. अर्जदाराची सार्वजनिक कामगिरी, शिक्षण, व्यवसाय यांची माहिती द्यावी लागते आणि शुल्क हजारो पौंडांत आहे. मंजुरी मिळाली की हेराल्डशी बोलून चित्र ठरतं आणि हातानं रंगवलेली सनद मिळते. इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन नागरिक झालेल्या मराठी माणसालाही असा अर्ज करता येतो, आणि मग ढालीवर काय घ्यायचं हे ठरवताना सिंह आणि ससाण्यांच्या पलीकडे जाऊन सह्याद्रीचा कडा किंवा गावचं तळं सुचवायला कुणाची आडकाठी नाही.